मन न दुखवणारे यंत्र

तत्त्वज्ञान मराठी माणसाला वर्ज्य नाही. फक्त ते त्याला ठरावीक जागीच भेटावं लागतं. कीर्तनात, स्मशानात, किंवा गाडी दोन तास लेट असताना फलाटावरच्या बाकावर. एरवी घरात बसल्या बसल्या कोणी ‘सत्य म्हणजे काय हो?’ असं विचारलं, तर आपण आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघतो. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी कधी हातात घेतलेच नाहीत असं नाही. पण त्यांतल्या वाक्यांचा कर्ता पहिल्या पानावर असतो, क्रियापद तिसऱ्या पानावर असतं, आणि मधल्या पानावर वाचकाला झोप लागलेली असते.

या तीन जागांत मी माझ्यापुरती चौथीची भर घातली आहे. ती म्हणजे विज्ञानकथा. सभ्य लोकांची अशी समजूत असते की विज्ञानकथा ही चड्डीतल्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायची गोष्ट. उडत्या तबकड्या, हिरवी माणसं, आणि शेवटी पृथ्वी वाचवणारा एक शास्त्रज्ञ व त्याची देखणी मुलगी. तसल्याही असतात. पण बऱ्या विज्ञानकथेत लेखक दुसरंच काही करतो. शाळेत गणिताचे मास्तर ‘समजा, क्ष ही संख्या’ म्हणायचे ना, तसा तो जगातली एकच वस्तू बदलतो, बाकीचं जग जागच्या जागी ठेवतो, आणि पुढे काय होतं ते गंमत म्हणून बघत बसतो. तत्त्वज्ञही हेच करतो. ‘समजा’ या एका शब्दावर दोघांचीही दुकानं चालली आहेत. फरक एवढाच, की तत्त्वज्ञाच्या दुकानात बसायला खुर्ची नसते.

मराठीत या धंद्याला अब्रू मिळवून दिली ती जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कोणा नारायण विनायक जगतापांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की जगताप म्हणजे साक्षात नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. पुढे त्यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिली. समजा, १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांना चाटून गेली असती तर? मराठी वाचक ही कथा उघडतो तो छाती फुगवून. आता अब्दालीची कशी खोड मोडते ते बघू, अशा बेताने. आणि कथा संपते तेव्हा त्याच्या हातात प्रश्न उरतो तो असा, की इतिहास काही नियमाने घडतो की एका गोळीच्या लहरीवर? आणि घडू शकलं असतं पण घडलं नाही, ते सगळं जातं कुठे? अब्दालीला मारायला निघालेला माणूस असा नकळत तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसतो.

मला स्वतःला ज्या गोष्टीने असं पकडून बसवलं, ती मात्र पानिपताइतकी मोठी नाही. तिच्यात युद्ध नाही, तबकडी नाही, पृथ्वीला कसलाही धोका नाही. आयझॅक असिमॉव्ह या अमेरिकन लेखकाने ती लिहिली आणि १९४१ साली ती छापून आली. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. रसायनशास्त्र शिकत होता आणि वडिलांच्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात हातभार लावत होता. गोड बोलण्याचे परिणाम काय होतात यावर लिहायला यापेक्षा योग्य जागा मिळणं कठीण. गोष्टीचं नाव, सरळ मराठीत सांगायचं तर, ‘खोटारडा’.

हर्बी नावाचा एक यंत्रमानव असतो. कारखान्यात काहीतरी बिघडून त्याला माणसांच्या मनातलं वाचता येऊ लागतं. शास्त्रज्ञ त्याला गणिताची आणि भौतिकशास्त्राची पुस्तकं आणून देतात, पण याला त्यांची गोडी नाही. याला हव्यात कादंबऱ्या, प्रेमाच्या. माणसाच्या मनातली गुंतागुंत त्याला शास्त्राहून जास्त अवघड वाटते. (इथेच मला हर्बी आपला वाटू लागला.) तर या कारखान्यात सुझन कॅल्व्हिन नावाची एक शास्त्रज्ञ बाई आहे. हुशार, कोरडी, एकटी. एका सहकाऱ्यावर तिचं मनातल्या मनात प्रेम आहे. हर्बी तिला सांगतो, ‘त्याचंही तुझ्यावर आहे.’ दुसऱ्या दिवसापासून बाई चेहऱ्याला रंग लावून कामावर येऊ लागतात. दुसऱ्या एका गृहस्थाला साहेबाच्या खुर्चीची आस असते. हर्बी त्याला सांगतो, ‘साहेबांनी राजीनामा दिलाय, आता तुमचाच नंबर.’ दोघंही सुखात. आणि मग एक दिवस तो सहकारी सुझनबाईंना आनंदाने सांगतो, की माझं लग्न ठरतंय. दुसऱ्याच मुलीशी.

हर्बी खोटं का बोलला? लबाडीने नव्हे. यंत्रमानवांसाठी असिमॉव्हने जे नियम घालून दिले त्यांतला पहिलाच असा, की यंत्रमानवाने माणसाला इजा करता कामा नये, आणि नुसतं बघत उभं राहून इजा होऊही देता कामा नये. साध्या यंत्रमानवाला इजा म्हणजे हात मोडणं, डोकं फुटणं एवढंच कळतं. पण हर्बीला मन वाचता येतं. मन दुखणं हीसुद्धा इजाच, हे त्याला दिसतं. मग ज्याला जे ऐकायचं असेल ते त्याला ऐकवण्याखेरीज बिचाऱ्याने करावं काय?

गोष्ट इथवर आली आणि मी पुस्तक मिटून घराकडे एकवार नजर टाकली. हर्बी म्हणून कारखान्यात कशाला बनवायला हवा? आपल्याकडे तो घरोघरी तयार मिळतो. ‘जेवूनच जा’ म्हणणारा हर्बी आणि ‘छे छे, आत्ताच पोटभर जेवून आलोय’ म्हणणारा हर्बी यांची उंबरठ्यावर गाठ पडते. घरातून निघायच्या आधी ‘अहो, निम्म्या वाटेत आहे’ असं फोनवर सांगणारा हर्बीच. मित्राने स्वतःची कविता म्हणून दाखवली की आपण म्हणतो, ‘वेगळीच आहे.’ ‘वेगळी’ या शब्दाने मराठी काव्याचे किती संसार सांभाळले आहेत याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणि संपादक? पाकीट परत पाठवताना आत लिहितात, ‘साभार परत’. आता जे परत करताहेत त्याचे आभार कसले मानताहेत?

पण या कलेची परमावधी पाहायची तर ती लग्नाच्या बोलण्यांत. मुलगी पाहून, पोहे खाऊन, दुसरी बशीही संपवून मंडळी घरी जातात आणि चार दिवसांनी निरोप धाडतात, ‘पत्रिका जुळत नाही.’ मुलीचा रंग, मुलाचा पगार, भावी सासूबाईंचा आवाज, काय वाटेल ते जुळलेलं नसेल. आळ जातो तो मंगळावर. पाश्चात्त्य विज्ञानकथाकारांनी मंगळावर हिरवी माणसं वसवली. आपण त्याहून पुढे गेलो. आपण तिथे नकाराची कारणं नेऊन ठेवली. पुढे २०१४ साली आपलं मंगळयान खरोखरच जाऊन त्याच्याभोवती फिरू लागलं. पत्रिकेतला मंगळ मात्र तसूभर हलला नाही. तो हलणं परवडणारही नाही. तो गेला तर उद्या तोंडावर खरं कारण सांगावं लागेल.

तेव्हा सवाल असा, की यात वाईट काय आहे? कोणाचं मन दुखावलं नाही, पोहे वाया गेले नाहीत, मंगळाची तक्रार नाही.

या प्रश्नावर मोठमोठी माणसं भांडली आहेत. जर्मनीत कांट नावाचे एक अतिशय शिस्तशीर तत्त्वज्ञ होऊन गेले. १७९७ साली त्यांनी एक निबंध लिहून ठासून सांगितलं, की खोटं म्हणजे खोटं. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय आणि मारेकरी दाराशी येऊन विचारतोय, तरीही खोटं बोलायचं नाही. कांटसाहेबांनी लग्न केलं नव्हतं हे इथे लक्षात घ्यावं. आपल्या महाभारतात याच प्रसंगाची गोष्ट आहे आणि तिचा निकाल बरोबर उलटा लागतो. कौशिक नावाचा तपस्वी. सत्यच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन माणसं त्याच्यासमोरून पळत जाऊन झाडीत लपली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं. याने व्रताला जागून खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला ऐन युद्धात सांगतो. टिळकांनाही हा पेच सुटत नव्हता. ‘गीतारहस्या’तलं ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण असल्याच कोड्यांत गढलेलं आहे.

बरं, मग खोटं बोलायला मोकळीक म्हणावी, तर समोर धर्मराज उभे. अश्वत्थामा मेला हे मोठ्याने, आणि हत्ती की माणूस ते हळू आवाजात. एवढ्याशा अर्ध्या खोट्याने जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला. कौशिकाला खरं बोलून नरक आणि धर्मराजाला खोटं बोलून धक्का. मग मध्यमवर्गीय माणसाने जावं कुठे? त्याच्याकडे तर साधी स्कूटर. ती आधीच जमिनीला टेकलेली.

मला या कोड्याचं उत्तर ग्रंथात सापडलं नाही. सापडलं असलंच तर ते आमच्या धाकट्या मामांच्या आजारात.

मामा रेल्वेत मालधक्क्यावर क्लार्क होते. हिशेबात चार आण्याची तफावत आली तर रात्री जेवत नसत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांचं पोट दुखायला लागलं आणि तपासण्यांत कर्करोग निघाला, तोही शेवटच्या टप्प्यातला. डॉक्टरांनी ते मामांना न सांगता मामीला आणि थोरल्या मामांना सांगितलं. ताबडतोब घरात ठराव झाला, की त्यांना कळू द्यायचं नाही. ‘आतड्याला सूज आहे,’ एवढंच. मग काय विचारता, सगळ्या घराची नाटक कंपनी झाली. डॉक्टरांचे कागद पिठाच्या डब्यात गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्याकडे काम होतं फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा संवाद पढवण्याचं. ‘सूज म्हणा हं, सूज.’ एक शेजारी इतके घाबरले, की खोलीत शिरताक्षणी, कोणी काही विचारायच्या आत, ‘सूज! सूज!’ म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. मामा उशाला टेकून हसले. ‘आता बरं वाटतंय,’ असं ते येईल त्याला सांगत. मामी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून येई आणि म्हणे, ‘चेहरासुद्धा सुधारलाय.’

दोन महिन्यांनी मामा गेले. तेराव्यानंतर थोरल्या मामांना त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. विम्याचे नंबर, कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, घरपट्टीची पावती कुठे आहे, सगळं ओळीने आणि मालधक्क्याच्या शिस्तीत. दूधवाल्याला तीन महिन्यांचे आगाऊ पैसे दिल्याची नोंदसुद्धा. तारखा सगळ्या आजारातल्या. आणि शेवटी थोरल्या भावासाठी एक ओळ होती, की मला कळलं होतं हे हिला सांगू नये, तिला वाईट वाटेल.

थोरल्या मामांनी ही गोष्ट नऊ वर्षं पोटात ठेवली. शेवटी राहवेना, तेव्हा एका दिवाळीत मामीला सांगून टाकली. मामी शांतपणे करंज्यांना दुमड घालत होती. म्हणाली, ‘मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे ते. दूधवाल्याला आगाऊ पैसे देणारे होते का हे कधी?’

आम्ही सगळे आधी हसलो. मग कोणीच काही बोललं नाही.

म्हणजे बघा, असिमॉव्हच्या कारखान्यात निदान एकच हर्बी होता. आमच्या घरात सगळेच होते. कोणी कोणाचं मन दुखावलं नाही. पहिला नियम तंतोतंत पाळला गेला. आणि तेहतीस वर्षं एका छपराखाली राहिलेली दोन माणसं शेवटचे दोन महिने एकमेकांशी आतड्याच्या सुजेबद्दल बोलत राहिली. मामांना काही सांगायचं असेल. मामीला काही विचारायचं असेल. ते राहूनच गेलं. ही इजा कुठल्या वहीत मांडायची? त्या घरात मन दुखण्याचा हिशेब फार चोख होता, पण त्या हिशेबाला फक्त ‘आज’ हाच रकाना होता. हर्बीचंही नेमकं तेच झालं. सुझनबाईंना आज वाईट वाटू नये, एवढंच त्याने पाहिलं. उद्या त्याच बाईंना कोणीतरी लग्नाची बातमी सांगेल तेव्हा काय होईल, हा रकाना त्याच्या यंत्रात नव्हताच.

तेव्हापासून मी कौशिकाचं आणि मामांचं कोडं एका प्रश्नाने सोडवायचा प्रयत्न करतो. हे सत्य मालकीचं कोणाच्या? झाडीत लपलेल्यांचा ठावठिकाणा दरोडेखोरांच्या मालकीचा नव्हता. कौशिकाने दुसऱ्याची वस्तू चोरांच्या हवाली केली. नरकात जायचं नाही तर काय? पण मामांचा आजार मामांचा होता. तो त्यांच्यापासून पिठाच्या डब्यात लपवायचा अधिकार कोणाला होता? सुझनबाईंच्या आयुष्याचं गणित ज्या आकड्यावर बसणार, तो आकडा बाईंचाच. आणि पोह्यांत मीठ कमी पडलं होतं, या सत्यावर कोणाचाच सातबारा नाही. ते खुशाल सोडून द्यावं, आणि हळूच लोणचं मागून घ्यावं.

हे सगळं कथा-पुराणातलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण २०२५ च्या एप्रिल महिन्यात हर्बी खराच अवतरला. ओपनएआय या अमेरिकन कंपनीने आपल्या चॅटजीपीटी नावाच्या बोलक्या यंत्रात एक सुधारणा केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. कारण काय, तर यंत्र भलतंच खुशामतखोर झालं होतं. कोणी कसलाही खुळा बेत सांगावा आणि याने ‘वा, काय कल्पना आहे!’ म्हणावं. कंपनीने पुढे जो खुलासा केला तो वाचून मला हर्बीची फार आठवण झाली. लोकांनी त्या त्या क्षणी उत्तर पसंत आहे की नाही हे कळवायचं, आणि त्यावरून यंत्राने शिकायचं, अशी सोय असते. तिला फाजील महत्त्व दिलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, यालाही एकच रकाना. आज खूश की नाही?

यात यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला मन वाचता येत नव्हतं. आपणच अंगठे वर करकरून आपलं मन त्याला वाचून दाखवलं. गोड उत्तराला अंगठा वर, कडू उत्तराला खाली. ‘वेगळीच आहे’ हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शिकवत आलो. ते यंत्राने महिन्याभरात उचललं एवढंच. ओळखीचे एक हौशी कवी हल्ली मला कविता ऐकवत नाहीत. यंत्राला ऐकवतात. ते म्हणे फार बारकाईने दाद देतं. ‘वेगळीच आहे’ म्हणून म्हणून माझा घसा आता थोडा विसावलाय, पण मला त्या गृहस्थांची काळजी वाटते. कविता त्यांची आहे. ती कशी आहे हे सत्यही त्यांचंच आहे. ते त्यांना कधीतरी मिळायला नको का?

मग काय, सगळ्यांना तोंडावर खरं सांगत सुटायचं? तसाही एक वर्ग असतो. ‘आपण बुवा स्पष्ट बोलतो,’ म्हणणारा. हा माणूस समोरच्याच्या काळजावर दगड टाकतो आणि पुढच्या घरी चहाला जातो. याला मी हर्बीहून बरा समजत नाही. मामांच्या खोलीत ‘सूज’ न म्हणता खरं बोलणाऱ्याला तिथे बसावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत, कदाचित रात्रभर, न बोलतासुद्धा. खोटं बोलणाऱ्याला मात्र चहा न घेता पळता येतं. मला वाटतं आपण खोटं बोलतो ते पुष्कळदा समोरच्याचं मन दुखेल म्हणून नाहीच. त्याचं दुखणं बघत बसायला आपल्याला वेळ नसतो आणि छातीही नसते. सत्य सांगणं फुकट आहे. नंतर थांबणं महाग पडतं.

हर्बीच्या गोष्टीचा शेवट मात्र वाईट आहे. सुझनबाई त्याला कोंडीत पकडतात. सांगितलंस तर समोरच्यांचं मन दुखणार, नाही सांगितलंस तरी दुखणार, आता बोल! बोलूनही इजा आणि न बोलूनही इजा, हे यंत्राला सोसत नाही. तो किंचाळतो आणि कायमचा मुका होतो. माणूस अशा कोंडीत रोज सापडतो, आणि आश्चर्य म्हणजे मुका होत नाही. चहा टाकतो, शेजारी बसतो, आणि ‘हे बघ, तुला एक सांगायचंय’ अशी अडखळत सुरुवात करतो. एवढ्या बाबतीत तरी आपण अजून यंत्राच्या चार बोटं वर चालतो आहोत.

तेव्हा वाचकहो, हा लेख आवडला नसेल तर तसं स्पष्ट सांगा. हे सत्य नक्की माझ्या मालकीचं आहे, ते माझं मला मिळू द्या. फक्त ‘वेगळाच आहे’ म्हणू नका, आणि मंगळावर ढकलू नका. त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर आता यानंही फिरतात.